‘एका फाइलला दोन दिवस’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. साधी वर्ड फाइल पीडीएफ करायला आम्ही दोन दिवस लावले, पहिल्या पीडीएफमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा होता, आणि तुमच्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित दिसत असताना आम्ही ‘फॉन्ट नाही’ म्हणत वेळ काढला, असं तुम्ही लिहिलं आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून माफी मागतो. पहिली पीडीएफ सुरुवातीची दहा पानं बघून पाठवली गेली. प्रबंध 112 पानांचा होता, सगळी पानं चाळायला हवी होती. ती चूक आमचीच.

पण ‘वेळ काढला’ हे शब्द लागले, म्हणून वेळेचा हिशेब इथेच मांडतो. फाइल आली मंगळवारी सकाळी 11:10 ला, पहिली पीडीएफ गेली 11:35 ला. दुसरं-तिसरं प्रकरण वाचता येत नाही असं तुम्ही 1:20 ला कळवलंत. 1:45 ला आम्ही फॉन्टची फाइल मागितली. साडेतीनला तुमच्याकडून आला तो फॉन्टच्या नावाचा स्क्रीनशॉट. फाइल कुठून काढायची हे दहा मिनिटांत लिहून पाठवलं. ती आली बुधवारी दुपारी 12:50 ला. दीड वाजता शीर्षकांबद्दल एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर रात्री सव्वानऊला मिळालं. गुरुवारी सकाळी 10:20 ला अंतिम पीडीएफ तुमच्या हातात होती. यातले साडेतीस तासांहून जास्त फाइल फक्त थांबून होती, कधी फॉन्टसाठी, कधी तुमच्या होकारासाठी. तुम्हाला तुमची कामं असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते तास आमच्या नावावर मांडू नका.

आता फॉन्टचं. वर्डच्या फाइलमध्ये सहसा फॉन्ट नसतो, फॉन्टचं नाव असतं. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवलेला आहे म्हणून तिथे मराठी दिसतं. दुसरीकडे वर्ड न विचारता जवळपासचा दुसरा फॉन्ट लावतं. तुमचं पहिलं, चौथं आणि पाचवं प्रकरण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत होतं, तिथे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहिलं. दुसरं आणि तिसरं कृतीदेवमध्ये. त्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनीच साठवलेला असतो. त्यांना म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीचं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की ती पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तुम्हाला जो कचरा वाटला तो तुमचाच मजकूर होता, एक अक्षरही हरवलं नव्हतं. ‘यांना मराठी फॉन्ट कळत नाहीत’ असंही तुम्ही लिहिलंत. मराठी टायपिंग आणि छपाईवरच ज्यांचं घर चालतं, त्यांनी हे वाक्य चार वेळा वाचलं.

कृतीदेवच्या अनेक आवृत्त्या आहेत, त्यामुळे नावावरून ‘आमच्याकडचा लावून टाकू’ असं आम्ही केलं नाही. दुसरी आवृत्ती लावली की अक्षरं बरीचशी जुळतात, पण एखादं जोडाक्षर किंवा चिन्ह गुपचूप बदलतं, आणि प्रबंधात ते परीक्षकालाच आधी दिसतं.

शीर्षकांचा प्रश्न वेगळाच होता. शीर्षकांचा फॉन्ट तुम्ही विकत घेतलेला. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडलं की ‘फॉन्ट एम्बेडेबिलिटी’ अशी ओळ दिसते. तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ होतं. म्हणजे तो फॉन्ट दुसऱ्या फाइलमध्ये घालायला बनवणाऱ्याची परवानगी नाही, आणि वर्ड ती मनाई पाळतं. अशा वेळी वर्ड त्या मजकुराचं चित्र करून पीडीएफमध्ये टाकू शकतं. पण ते छापल्यावर कडांना फुटतं आणि त्यातला शब्द शोधला तर सापडत नाही. तुम्हाला पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठीची पीडीएफ हवी होती, आणि त्या मानकात, म्हणजे आयएसओ 19005 मध्ये, वापरलेला प्रत्येक फॉन्ट फाइलच्या आत असावाच लागतो. म्हणून नोटो सान्स देवनागरी लावू का असं विचारलं. तो खुल्या परवान्याचा आहे, आत घालता येतो. तुम्हाला न विचारता तुमची शीर्षकं बदलली असती, तर त्याचाही अभिप्राय आलाच असता.

शिवाय फॉन्ट बदलल्यावर दोन लांब शीर्षकं दुसऱ्या ओळीवर गेली आणि पुढची पानं सरकली. अनुक्रमणिका पुन्हा अद्ययावत करून प्रत्येक आकडा पानाशी ताडून पाहिला. गुरुवारची सकाळ त्यात गेली. शेवटी ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून ‘फॉन्ट्स’चा टॅब पाहिला, प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ (म्हणजे त्या फॉन्टमधली वापरलेली अक्षरं फाइलच्या आत आहेत) आल्यावरच फाइल पाठवली. तुम्हीही तुमच्या प्रतीत हे पाहू शकता. एखाद्या नावापुढे ते शब्द नसतील तर लगेच सांगा.

इतर कोणी हे वाचत असेल तर एवढंच करा: ज्या कॉम्प्युटरवर मजकूर टाइप झाला, तिथूनच एकदा पीडीएफ करून मूळ फाइलबरोबर पाठवा, म्हणजे मजकूर कसा दिसायला हवा हे आम्हाला कळतं. शक्य असेल तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा. खालची ‘कॉमन सिस्टिम फॉन्ट्स’ वगळणारी खूण मात्र काढा. फॉन्टची फाइल देताना रेग्युलर आणि बोल्ड दोन्ही द्या. नुसता रेग्युलर मिळाला तर वर्ड त्यालाच ओढूनताणून जाड करतं आणि लहान आकारात ठ, ध, घ यांच्या गाठी भरून जातात.

आमच्या बाजूने, फाइल घेतानाच फॉन्ट तपासण्याची पद्धत लावतो आहोत. वर्डच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ हे बटण दाबलं की कोणता फॉन्ट नाही हे मिनिटभरात दिसतं. मंगळवारी 11:10 ला ते दाबायला हवं होतं, हे कबूल. बाकीही काही सुधारणा करू.

नवीन लोक आमच्याकडे येतात ते हे अभिप्राय वाचूनच. जमलं तर वरचा हिशेब पाहून ‘वेळ काढला’ या शब्दांचा एकदा विचार करा. तारे तुम्हाला योग्य वाटतील तेवढेच ठेवा. आणि परीक्षकांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणात दुरुस्त्या सांगितल्या तर फाइल पाठवा, त्याच दिवशी करून देऊ. तुमच्या आवृत्तीचा कृतीदेव आता इथे आहे.