कौटुंबिक व्हिडिओ कॉल गाजवण्याचे खात्रीशीर उपाय

परवाच्या रविवारी एक कौटुंबिक कॉल पाऊण तास रंगला आणि त्यात ‘ऐकू येतंय का?’ याखेरीज एकही वाक्य पूर्ण झालं नाही. असं यश घरोघरी मिळावं, म्हणून हे उपाय.

वेळ विचारायची नाही. दुपारची झोप झाली, चहा झाला, चार वाजले की थेट कॅलिफोर्नियाला लावा. उन्हाळ्यात ते आपल्या साडेबारा तास मागे, म्हणजे तिथे पहाटेचे साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग अडीच. पोरगं दचकून उठतं, ‘बाबा बरे आहेत ना?’ विचारतं. आपण म्हणायचं, ‘अरे, सहजच केला.’

दुबईतल्या पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅपवरच कॉल लावत राहा. तिथे ते कॉल चालत नाहीत, बोटिम हे अ‍ॅप घ्या, असं तो कितीही सांगू दे. उचलत नाही म्हणजे शेफारलाय.

चेहरा दाखवू नका, पंखा दाखवा.

व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड मेसेजने आला आणि कुणी मागितला, तर लगेच देऊन टाका. तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागायचं काम पुढे तोच बघतो.

आता मुख्य कार्यक्रम. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलमध्ये एका वेळी ३२ जण येऊ शकतात; त्यातले निदान तिघं एकाच हॉलमध्ये हवेत. आजोबा सोफ्यावर, काकू झोपाळ्यावर, दादा दाराशी, प्रत्येकाचा स्वतंत्र फोन आणि स्पीकर फुल्ल. मग ती कुईंऽऽऽ सुरू होते. काकूंच्या स्पीकरचा आवाज आजोबांचा माईक उचलतो, तो दादाच्या स्पीकरमधून बाहेर येतो, तो पुन्हा काकूंच्या माईकमध्ये. फोन स्वतःच्या स्पीकरचा आवाज ओळखून गाळतो. शेजारच्या फोनचा त्याने कसा गाळावा? त्यावर अमेरिकेतल्याला सुनवायचं, ‘तुझ्याकडचं नेट खराब दिसतंय.’ त्याचं नेट उत्तम आहे हो! गोंधळ तुमच्या हॉलमध्ये आहे! माईक बंद करा म्हटलं की दादा माईक बंद करतो आणि स्पीकर तसाच बोंबलत ठेवतो, मग तोच आवाज किंचित उशिरा आजोबांच्या माईकमधून परत सगळ्यांना. आवाज कमी करा म्हणावं, तर बऱ्याच फोनवर कॉलचा आवाज शून्यावर जातच नाही. एका खोलीत एक फोन! दुसरा हवाच असेल, तर इयरफोन लावून आणि माईक बंद करून. स्काइप २००३ मध्ये आलं, मे २०२५ मध्ये बंदही पडलं, आणि तेवढ्या काळात आपल्याला माईकचं एक बटण शिकता आलं नाही?

शिकायचंच नसतं, खरं कारण ते. लग्नाच्या मुहूर्तासाठी पंचांग मिनिटापर्यंत बघता, मग लेकीच्या शहरात किती वाजलेत ते बघायला काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कॉल्सच्या टॅबमध्ये कॉल लिंक तयार होते. ती आदल्या दिवशी दोन्हीकडच्या वेळा लिहून ग्रुपवर टाका. ज्याला जमेल तो येईल, कुणाचा फोन मध्यरात्री खणखणणार नाही. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवा. टीव्ही बंद करा, म्यूट नव्हे, बंद. तुमचं अर्धं लक्ष तिकडेच असतं.

आणि बोलणं झालं की लाल बटण दाबा. फोन नुसता पालथा टाकून ‘सून फारच सुटलीये’ म्हणू नका. कॉल चालूच असतो आणि तिला सगळं ऐकू जातं.