‘लॉस्ट’: ते सगळे पहिल्या दिवशी मेले नव्हते

‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेबद्दल दावा असा आहे: ओशनिक ८१५ हे विमान एका बेटावर कोसळलं तेव्हाच सगळे प्रवासी मेले. बेट म्हणजे स्वर्ग आणि नरक यांच्या मधली जागा. सहा सीझन आपण मेलेल्यांची गोष्ट पाहत होतो आणि शेवटच्या भागात लेखकांनी ते कबूल केलं.

२३ मे २०१० रोजी एबीसी वाहिनीवर ‘लॉस्ट’चा शेवटचा भाग दाखवला गेला, तेव्हापासून हा दावा फिरतो आहे. मालिका न पाहिलेली माणसंही तो ठामपणे सांगतात, आणि तो ऐकून कितीतरी जण मालिका पाहायला सुरुवातच करत नाहीत. दावा चुकीचा आहे. मतभेदाला जागा असलेल्या गोष्टी ‘लॉस्ट’मध्ये ढीगभर आहेत, पण ही त्यातली नाही. पुढे शेवट उघड होणार आहे, त्यामुळे मालिका पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा.

आधी गोंधळाचं मूळ बघू. सहाव्या सीझनमध्ये दोन धागे आहेत. एक बेटावरचा, म्हणजे पहिल्या भागापासून चालत आलेली गोष्ट. दुसरा धागा २ फेब्रुवारी २०१० च्या ‘एलए एक्स’ या भागात सुरू होतो. त्यात विमान कोसळतच नाही, लॉस एंजेलिसला सुखरूप उतरतं. बेटावरचा ठग सॉयर तिथे पोलीस आहे, बेन शाळेत इतिहास शिकवतो, मालिकेचा नायक जॅक याला डेव्हिड नावाचा मुलगा आहे. चाहते याला फ्लॅश-साइडवेज म्हणतात. शेवटी कळतं ते एवढंच, की हा दुसरा धागा मरणानंतरचा आहे. तोही सीझनच्या प्रत्येक भागात नाही. ‘अब एटर्नो’ आणि ‘अक्रॉस द सी’ या भागांत तो अजिबात येत नाही. दावा करणारे या एका खोलीतलं खरं अख्ख्या घराला लावतात.

“चर्चमध्ये जॅकचे वडील सांगतातच की सगळे मेले आहेत.”

शेवटच्या भागातल्या चर्चच्या प्रसंगात ते सांगतात, पण त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडू नका. जॅक विचारतो, हे सगळे मेलेत का? वडिलांच्या, म्हणजे ख्रिश्चन शेफर्डच्या, उत्तराचा आशय असा: प्रत्येकजण कधी ना कधी मरतो; यातले काही तुझ्या आधी गेले, काही तुझ्यानंतर कितीतरी काळाने. मग हे सगळे आत्ता इथे कसे, असं जॅक विचारतो, तर उत्तर येतं की इथे ‘आत्ता’ असं काही नसतं. त्याच्या आधीच ख्रिश्चनने स्वच्छ सांगितलेलं असतं, की तुझ्या बाबतीत जे जे घडलं ते सगळं खरं होतं.

“काही तुझ्या आधी, काही तुझ्यानंतर.” दावा खरा असता तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं, कारण सगळे एकाच विमानात, एकाच क्षणी मेले असते. ही माणसं वेगवेगळ्या वर्षी मेली. बून बेटावर पहिल्याच सीझनमध्ये जातो. चार्ली तिसऱ्या सीझनच्या शेवटी पाण्याखालच्या लुकिंग ग्लास स्टेशनमध्ये बुडतो, सन आणि जिन सहाव्या सीझनमध्ये पाणबुडीत. केट बेटावरून निसटते आणि पुढे जगते. म्हणूनच तिकडे भेटल्यावर ती जॅकला म्हणते, मला तुझी फार आठवण आली. हे वाक्य ऐकताना तिच्या चेहऱ्याकडे बघा. जॅकशिवाय काढलेली कितीतरी वर्षं त्या चेहऱ्यावर दिसतात.

आता चर्चमध्ये कोण कोण बसलं आहे ते मोजा. डेस्मंड, त्याची प्रेयसी पेनी आणि डॉक्टर ज्युलिएट हे तिघं ओशनिक ८१५ मध्ये नव्हतेच. डेस्मंड शिडाची बोट घेऊन शर्यतीला निघाला होता आणि विमान पडायच्या सुमारे तीन वर्षं आधी बेटावर अडकला. ज्युलिएटला पाणबुडीतून नोकरीसाठी आणलं होतं. पेनी तर चालू गोष्टीत बेटाच्या जमिनीवर पाऊलही ठेवत नाही. विमान अपघातात मेलेल्यांची ही सभा असेल, तर या तिघांना तिथे कुणी बोलावलं? ख्रिश्चन म्हणतो की आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा काळ ज्यांच्याबरोबर गेला त्यांनी मिळून ही जागा उभी केली. हे धरलं तरच ती यादी जुळते.

“शेवटच्या क्रेडिट्सवर रिकाम्या किनाऱ्यावरचं विमान दाखवलं. म्हणजे कुणीच वाचलं नव्हतं.”

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या दृश्यांनी केलं. जॅकचा डोळा मिटतो, मालिकेचं नाव येतं, आणि मग क्रेडिट्सच्या वेळी किनाऱ्यावर पडलेले विमानाचे तुकडे दिसतात. माणूस कुणीच नाही. प्रेक्षकांनी हा शेवटचा खुलासा मानला.

ही दृश्यं कथेचा भाग नव्हती. अडीच तासांच्या भावुक भागानंतर थेट बातम्या सुरू झाल्या तर प्रेक्षकाला धक्का बसेल, मध्ये थोडी उसंत हवी, म्हणून वाहिनीने हाताशी असलेलं जुनं फुटेज तिथे लावलं. त्याच आठवड्यात एबीसीने तसं जाहीरही केलं. पुढे २०१४ च्या पेलीफेस्ट या टीव्ही महोत्सवात मालिकेचे मुख्य सूत्रधार डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांना हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा दोघांनी “ते सुरुवातीपासून मेलेले नव्हते” असं नि:संदिग्ध उत्तर दिलं.

“चौथ्या सीझनमध्ये समुद्राच्या तळाशी विमान सापडतं, ३२४ मृतदेहांसकट.”

हो, सुंदा खंदकात. आणि ते बनावट असल्याचं मालिकाच दाखवते. ‘कन्फर्म्ड डेड’ या भागात वैमानिक फ्रँक लपीडस टीव्हीवर त्या मृतदेहांची दृश्यं पाहतो. ८१५ चा वैमानिक सेथ नॉरिस म्हणून जो देह दाखवला जातो, त्याच्या बोटात लग्नाची अंगठी नसते. नॉरिस ती कधी काढत नसे हे लपीडसला माहीत असतं, आणि तो लगेच फोन उचलतो. आपण तर खरा नॉरिस पहिल्याच भागात पाहिलेला असतो. बेटावर पडलेल्या कॉकपिटमध्ये तो जिवंत सापडतो आणि नंतर धुराच्या राक्षसाकडून मारला जातो. बनाव कुणी रचला यावर पात्रं एकमेकांकडे बोट दाखवतात, पण तो बनाव होता यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

“पात्रंच म्हणतात की आपण नरकात आहोत.”

दोन जण म्हणतात. लॉकचा बाप अँथनी कूपर रस्त्यावरच्या अपघातानंतर शुद्धीवर येतो तो थेट बेटावर, त्यामुळे त्याला तसं वाटतं. दुसरा रिचर्ड आल्पर्ट. ‘अब एटर्नो’च्या सुरुवातीला तो सांगतो की आपण सगळे मेलो आहोत, हा नरक आहे. दावा करणारे इथेच थांबतात, पण भाग पुढे चालतो आणि १८६७ मध्ये जातो. रिचर्ड तेनेरीफेहून ‘ब्लॅक रॉक’ जहाजात साखळदंडात बांधून आणलेला असतो, आणि आपण मेलो आहोत अशी त्याची पक्की खात्री झालेली असते. बेटाचा रक्षक जेकब त्याला फरफटत समुद्रात नेतो आणि पाण्यात बुडवतो, पुन्हा पुन्हा. शेवटी रिचर्ड श्वासासाठी तडफडत ओरडतो, मला जगायचंय. तेव्हा कुठे जेकब सोडतो आणि बोलायला बसतो. ‘तुम्ही मेला आहात’ या थिअरीला लेखकांनी कथेच्या आत दिलेलं हे उत्तर आहे. शेवटच्या भागाआधी दोन महिने ते प्रक्षेपित झालं होतं.

बेटावर खरोखरचे मेलेलेही आहेत, आणि मालिका त्यांना वेगळं ठेवते. जंगलात ऐकू येणारी कुजबूज कसली, हे मायकल सहाव्या सीझनमध्ये हर्लीला सांगतो. आपल्या कृत्यांमुळे ज्यांना पुढे जाता येत नाही, ते मेलेले लोक. आपल्या भाषेत, ज्यांना गती मिळाली नाही ते. मायकल त्यांच्यातला एक आहे, हर्ली नाही. सगळेच मेलेले असते तर हा फरक सांगण्याची गरजच उरली नसती.

“बेट कल्पनेतलंच आहे, कारण बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच नाही.”

दुसऱ्या सीझनचा शेवट पुन्हा बघा. बेटावरच्या बंकरमध्ये दर १०८ मिनिटांनी ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे टाइप करावे लागतात, नाहीतर साठलेली विद्युतचुंबकीय ऊर्जा बाहेर पडते. २२ सप्टेंबर २००४ ला डेस्मंडच्या हातून वेळ टळली आणि विमान खेचलं गेलं. तो जुन्या नोंदींच्या कागदावर तारीख शोधतो आणि विमान आपणच पाडलं हे त्याला कळतं, तो प्रसंग आजही अंगावर येतो. अपघाताला असं ठोस, यांत्रिक कारण आहे. बंकर नष्ट होतो तेव्हा बर्फाळ प्रदेशातल्या ठाण्यावर बसलेली दोन माणसं यंत्रावर ती नोंद पकडतात आणि पेनीला फोन लावतात. बाहेरच्या जगातला याहून स्वतंत्र साक्षीदार कुठला हवा? पुढे सहा जण सुटून घरी जातात, केट क्लेअरच्या मुलाला, एरनला, वाढवते, सनची मुलगी कोरियात जन्मते.

मराठी प्रेक्षकाला इथे एक वेगळा मोह होतो. आकड्यांची बेरीज १०८, बेटावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं नाव धर्मा, तिथली माणसं एकमेकांना नमस्ते म्हणतात, चर्चच्या खिडकीत ॐ. मग ही सगळी मोक्षाची आणि मायेची गोष्ट असं वाटू लागतं. पण त्याच खिडकीत क्रॉस, चंद्रकोर, दावीदचा तारा, धर्मचक्र आणि यिन-यांगही आहेत. ती जागा एका धर्माची नाही, एवढंच ती खिडकी सांगते. बेटाबद्दल ती काहीच सांगत नाही.

मला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र याहून लहान आहे. पाचव्या सीझनच्या शेवटी गोष्ट काळात मागे गेलेली असताना ज्युलिएट १९७७ मध्ये खड्ड्यात कोसळते. ‘एलए एक्स’मध्ये सॉयरच्या मिठीत शेवटचे श्वास घेताना ती असंबद्ध बोलते, की कधीतरी कॉफी घेऊ, आपापले पैसे देऊ. नंतर मेलेल्यांचं ऐकू येणाऱ्या माइल्सकडून कळतं की तिला अजून सांगायचं होतं, “जमलं.” तेव्हा सगळ्यांना वाटलं की विमान कोसळूच नये म्हणून खड्ड्यात फोडलेल्या बॉम्बबद्दल ती बोलते आहे. शेवटच्या भागात, त्या दुसऱ्या धाग्यात, हॉस्पिटलच्या व्हेंडिंग मशीनमध्ये सॉयरचं चॉकलेट अडकतं. ज्युलिएट त्याला प्लग काढून परत लावायची युक्ती सांगते. चॉकलेट खाली पडतं आणि ती म्हणते, जमलं. मग कॉफीचं तेच बोलणं, शब्द न् शब्द. म्हणजे बेटावर मरताना ती त्या पुढच्या जागी पोचत होती. मरणाने तिला इकडून तिकडे नेलं. ती आधीच मेलेली असती तर ओलांडायला उंबरठाच नव्हता.

जॅकच्या अंगावरही हेच लिहिलेलं आहे. साइडवेजमध्ये त्याला पोटावर अपेंडिक्सचा व्रण दिसतो आणि ऑपरेशन आठवत नाही. आई म्हणते लहानपणी झालं होतं. ते ऑपरेशन आपण चौथ्या सीझनमध्ये पाहिलेलं आहे. बेटावर, ज्युलिएटच्या हातून. विमानाच्या टॉयलेटमध्ये त्याच्या मानेवर रक्त दिसतं, तिथेच बेटावरच्या शेवटच्या झुंजीत सुरी टेकणार असते. खऱ्या आयुष्यातल्या जखमा मरणानंतरच्या जागेत झिरपताहेत. दावा उलटा धरला तर या खुणांना काही अर्थच राहत नाही.

शेवट आवडला नाही, असं म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. एरन चर्चमध्ये तान्हाच का, मायकलचा मुलगा वॉल्ट तिथे का नाही, साइडवेजवर इतका वेळ का घालवला, हे प्रश्न मलाही पडतात आणि त्यांची उत्तरं मालिका नीट देत नाही. पण “आवडलं नाही” आणि “सगळे मेलेले होते” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या वाक्याने बुडताना चार्लीने काचेमागून दाखवलेला तळहात पुसला जातो. ते मरण खरं होतं म्हणूनच ते पाहताना श्वास अडकतो.

कुणी अजूनही अडून बसलं तर त्याला शेवटच्या भागानंतरचा सुमारे १२ मिनिटांचा उपसंहार दाखवा. ‘द न्यू मॅन इन चार्ज’ या नावाने तो २०१० मध्येच डीव्हीडीवर आला. जॅक गेल्यानंतर बेट हर्लीच्या ताब्यात आहे. बेन ग्वाममधलं धर्माचं कोठार बंद करतो, तिथल्या दोन कामगारांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि मग हॉस्पिटलमधून वॉल्टला घेऊन निघतो. चर्चच्या बाहेर हर्ली बेनला म्हणतो की तू फार चांगला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस होतास, ते याच काळाबद्दल.

आणि मालिकेची शेवटची मिनिटं फक्त डोळ्यांनी बघा, काय ऐकलं आहे ते विसरून. जॅक बांबूच्या बनात येऊन पडतो. व्हिन्सेंट, तो पिवळसर लॅब्रेडोर, येऊन त्याच्या शेजारी आडवा होतो. वर पानांच्या फटीतून बेटावरून निघालेलं अजिरा ३१६ हे विमान जाताना दिसतं. आत केट, सॉयर, क्लेअर, माइल्स, रिचर्ड आणि कॉकपिटमध्ये लपीडस. जॅक ते विमान ओळखतो, हसतो, आणि मग त्याचा डोळा मिटतो.