तीनशेंचं कौतुक पुरे, वल्हेकऱ्यांचं बोला

स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याच्या तीनशे स्पार्टन सैनिकांशी माझं काही वाकडं नाही. माणसं शूर होती, मागे हटली नाहीत, जिवानिशी गेली. मान आहेच. पण जिमच्या भिंतीवर तेच, लोकांच्या डीपीवर तेच, मोटिव्हेशनल भाषणांत तेच. ते लाल झगे आणि ती खिंड बघून बघून आता वीट आलाय. ग्रीक-पर्शियन युद्ध म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात, मॅरेथॉनचा धावपटू आणि थर्मोपिलीचे तीनशे. धावपटूचं सोडाच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेला फिडिप्पिडीज मॅरेथॉनच्या लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला पळाला होता, दोनशेच्या वर किलोमीटर. 'जिंकलो' म्हणून अथेन्सच्या दारात कोसळणारा धावपटू काही शतकांनंतरच्या लेखकांनी आणून बसवला.

राहिले तीनशे. पहिली गोष्ट म्हणजे थर्मोपिली ही हरलेली लढाई आहे. इ.स.पू. 480 च्या उन्हाळ्यात तीन दिवस खिंड लढवली, दुसऱ्या दिवशी रात्री एफिआल्टीज नावाच्या फितुराने डोंगरातली वाट दाखवली, तिसऱ्या दिवशी खिंड पडली, आणि काही आठवड्यांत पर्शियाच्या राजाने, झर्क्सिसने, अथेन्स जाळलं.

आपल्याकडे थर्मोपिलीला पावनखिंडीच्या शेजारी बसवायची जुनी हौस आहे. दोन्हीकडे खिंड, दोन्हीकडे तीनशेचा आकडा सांगतात, त्यामुळे मोह होतो हे समजू शकतो. मला ही तुलना बाजीप्रभूंवर अन्याय करणारी वाटते. 1660 साली त्यांना खिंड धरायची होती ती महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत, आणि गडावरच्या तोफा होईपर्यंत ती धरली गेली. काम फत्ते झालं. थर्मोपिलीचं काम होतं पर्शियन फौजेला दक्षिणेत उतरू न देणं. ते झालं नाही. लिओनिडास मागे थांबला म्हणून बाकीच्या ग्रीक तुकड्यांना निघून जायला वेळ मिळाला, एवढं श्रेय त्याचं. ते लहान नाही, पण युद्ध त्याने फिरलं नाही.

आणि शेवटच्या दिवशी खिंडीत तीनशेच होते हेही खरं नाही. थेस्पिया नावाच्या एका लहानशा गावाचे सातशे जण राहिले होते, डेमोफिलस त्यांचा प्रमुख. स्पार्टन लोक जन्मभर लढाईचीच तालीम करत. हे थेस्पियावाले शेतकरी, कारागीर. सातशेच्या सातशे गेले. शिवाय स्पार्टाचे हेलॉट, म्हणजे भूदास, तेही तिथे मेले. हिरोडोटस सांगतो की रणांगण बघायला आलेले लोक सगळ्या प्रेतांना स्पार्टन आणि थेस्पियन समजत होते, प्रत्यक्षात त्यात हेलॉटही होते. लिओनिडासचं स्मारक 1955 मध्ये उभं राहिलं. थेस्पियाच्या सातशेंना तिथे स्वतःचं स्मारक मिळायला 1997 उजाडलं. हेलॉटांना अजून कुणी विचारलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे युद्ध फिरलं ते अथेन्सजवळच्या सलामिस बेटाच्या सामुद्रधुनीत, आणि फिरवलं ते बाकावर बसून वल्ही ओढणाऱ्या माणसांनी. त्याची सुरुवात लढाईच्या तीन वर्षं आधी, पैशांच्या भांडणात आहे.

इ.स.पू. 483 च्या सुमाराला अथेन्सच्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. सरकारी तिजोरीत अचानक पैसा आला. सभेत सूचना आली की हा पैसा नागरिकांत वाटून टाकू, प्रत्येकी दहा द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी. थेमिस्टोक्लीज नावाचा पुढारी उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, लढाऊ जहाजं बांधा. बरं, त्याने पर्शियाचं नावही घेतलं नाही. पर्शिया लांब, लोकांना भीती वाटेना. शेजारच्या ईजिना बेटाशी अथेन्सचं जुनं वैर होतं, तेच त्याने पुढे केलं. आणि लोकांनी हातात येणारे दहा द्राख्मा सोडून जहाजांना मत दिलं! निवडणुकीच्या तोंडावर आपल्याकडे असा प्रस्ताव मांडून बघा म्हणजे यातलं आश्चर्य कळेल. हिरोडोटस दोनशे जहाजांचा आकडा देतो. गंमत अशी की तीन वर्षांनी हीच जहाजं सलामिसला ईजिनाच्या जहाजांच्या खांद्याला खांदा लावून लढली, आणि पराक्रमाचा पहिला मान मिळाला तोही ईजिनालाच.

ती चांदी उपसणारे गुलाम होते, हेही इथेच नोंदवतो. ग्रीक स्वातंत्र्याच्या लढाईचं भांडवल जमिनीखाली राबणाऱ्या गुलामांच्या घामातून आलेलं आहे.

आता हे जहाज, ट्रायरीम, जरा जवळून बघा. लांबी साधारण 37 मीटर, रुंदी साडेपाचच्या आसपास, पुढच्या टोकाला पाण्याच्या पातळीवर काशाची चोच. तोफ नाही, काही नाही. हीच चोच शत्रूच्या कुशीत घुसवायची. म्हणजे जहाज हेच हत्यार, आणि ते हत्यार चालवणार 170 माणसं, तीन थरांत. सगळ्यात वर दोन्ही बाजूंना 31-31, मधल्या थरात 27-27, तळाला 27-27. एका वल्ह्याला एक माणूस, वल्हं चार मीटरपेक्षा लांब. खालच्या थरातल्याला समुद्र दिसतच नाही. त्याच्या वल्ह्याच्या भोकाला पाणी आत येऊ नये म्हणून चामड्याची पिशवी बांधलेली, आणि नाकासमोर वरच्या बाकावरच्या माणसाचं बूड. ॲरिस्टोफेनीसच्या नाटकात या तळातल्या वल्हेकऱ्याच्या तोंडावर वरच्याने वारा सोडण्यावरून विनोद आहे, आणि प्रेक्षक खळखळून हसले असणार, कारण त्यातले निम्मे त्या बाकांवर बसून आलेले. विरार लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक बांबू द्या आणि सांगा, एका तालात मारा, एक जरी चुकला तरी गाडी आडवी होईल. साधारण तसं.

सिनेमामुळे आपल्या डोक्यात बेड्या घातलेले, चाबूक खाणारे गुलाम असतात. अथेन्सचे वल्हेकरी तसे नव्हते. बहुतेक जण अथेन्सचे गरीब नागरिक, मालमत्तेप्रमाणे केलेल्या चार वर्गांतला सगळ्यात खालचा वर्ग. ढाल, भाला, चिलखत स्वतःच्या पैशाने घेण्याची ऐपत असलेला माणूस पायदळात जाई. ज्याची ऐपत नाही त्याच्याकडे दोन हात असत, तो वल्ह्यावर. सलामिसला अथेन्सची जहाजं होती 180. गुणाकार करा, तीस हजारांहून जास्त वल्हेकरी लागतात. एवढे आणायचे कुठून? जो सापडेल तो बाकावर बसला असणार. ही अख्ख्या शहराची फौज होती.

आणि शहर मागे रिकामं होतं. बायका-मुलांना सलामिस, ईजिना आणि ट्रोझिनला हलवलं होतं. ट्रोझिनच्या लोकांनी या निर्वासितांना रोजचा खर्च द्यायचं ठरवलं, मुलांनी कुणाच्याही झाडाची फळं तोडावीत अशी मुभा दिली, वर मुलांच्या शिक्षकांचा पगारही भरला. हे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पुढे अथेन्सचा मोठा नेता झालेल्या पेरिक्लीजच्या बापाचा, झँथिपसचा, कुत्रा जहाजामागे पोहत सलामिसपर्यंत गेला आणि किनाऱ्यावर पोचून मेला, हीसुद्धा त्याचीच गोष्ट. प्लुटार्क पाचेकशे वर्षांनंतरचा, तेव्हा कुत्र्याची खात्री मी देत नाही. पण ट्रोझिनच्या शिक्षकांच्या पगाराबद्दल मला जितकं प्रेम वाटतं तितकं लिओनिडासच्या कुठल्याच बाणेदार उत्तराबद्दल वाटत नाही.

ग्रीक सेनापतींचं तेव्हा काय चाललं होतं? भांडण! कोरिंथचा ॲडिमँटस म्हणतो, ज्याचं शहरच उरलं नाही त्याला बोलायचा हक्क काय? पेलोपोनीजवाल्यांना, म्हणजे दक्षिणेकडच्या ग्रीकांना, घरी जाऊन कोरिंथच्या संयोगभूमीवर भिंत बांधून बसायचं होतं. तेव्हा थेमिस्टोक्लीजने आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या सिकिनस नावाच्या गुलामाला रात्री होडीतून पर्शियन छावणीत धाडलं. निरोप असा की ग्रीक पळायच्या बेतात आहेत, आत्ताच कोंडा. झर्क्सिसच्या माणसांनी विश्वास ठेवला आणि रात्रभर वल्ही मारत सामुद्रधुनीची तोंडं अडवली. सकाळी दमलेले पर्शियन खलाशी चिंचोळ्या पाण्यात शिरले, मागची जहाजं राजाच्या नजरेत भरायला पुढे घुसायला लागली, पुढची मागे वळायला लागली, आणि झाला चेंदामेंदा. झर्क्सिस समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी आसन मांडून बघत होता. हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया त्याला आधीच सांगत होती की समुद्रात लढू नकोस. तिचं ऐकलं नाही.

सिकिनसचं पुढे काय झालं हा माझा या सगळ्या युद्धातला सर्वांत लाडका तपशील आहे. थेमिस्टोक्लीजने त्याला पैसे दिले आणि थेस्पियाचा नागरिक करून टाकलं. थेस्पियाचाच का? कारण थेस्पिया तेव्हा नवे नागरिक भरत होतं. गावची सातशे माणसं थर्मोपिलीत गेलेली, गाव झर्क्सिसने जाळलेलं. पुढच्या वर्षी जमिनीवर झालेल्या प्लाटीआच्या लढाईला थेस्पियाचे उरलेले अठराशे आले, पण त्यांच्याकडे जड शस्त्रंसुद्धा नव्हती. अशा गावात तो गुलाम नागरिक झाला. हिरोडोटसने हे एका ओळीत उरकलंय.

'पूर्व विरुद्ध पश्चिम' या गप्पांवर फार वेळ घालवत नाही. झर्क्सिसच्या आरमारात फिनिशियन आणि इजिप्शियन होते तसे आयोनियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे, ग्रीकही होते. थीब्जसारखं मोठं ग्रीक शहर प्लाटीआला पर्शियाच्या बाजूने लढलं. आणि त्याच बाजूला सिंधूकाठची माणसंही होती, सुती कपडे घातलेली, वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकांचे वेताचे बाण घेतलेली. झर्क्सिस परत गेल्यावर त्याचा सेनापती मार्डोनियसने निवडून मागे ठेवलेल्या फौजेत हे हिंदी लोक होते. म्हणजे आपल्या उपखंडातली माणसं या युद्धात होती, फक्त डीपीतल्या बाजूला नव्हती. स्वातंत्र्याच्या बाता मारणाऱ्या स्पार्टाने त्याच प्लाटीआला पाच हजार स्पार्टन नेले आणि त्यांच्याबरोबर पस्तीस हजार हेलॉट. एका स्वतंत्र माणसामागे सात भूदास.

मग सलामिसचे वल्हेकरी मागे का पडले? मला वाटतं, मुद्दाम पाडले गेले. मॅरेथॉनला पडलेल्या 192 अथेनियनांवर मातीचा उंच ढिगारा घातला, तो आजही उभा आहे. सलामिसचं वर्णन करताना हिरोडोटस जहाजांच्या प्रमुखांची नावं देतो, पालेनीचा अमिनियस, ईजिनाचा पॉलिक्रिटस. बाकावरच्यांची नावं नाहीत. आणि प्लेटोने तर 'लॉज' या ग्रंथात स्पष्टच म्हणून ठेवलंय की ग्रीकांना चांगलं बनवलं ते मॅरेथॉन आणि प्लाटीआने, समुद्रातल्या लढायांनी त्यांचं नुकसानच केलं. जमिनीवर लढला तो ऐपतदार, पाण्यात लढला तो कंगाल. बोचत होतं ते हेच. सलामिसच्याच शतकातला एक अज्ञात लेखक, अभ्यासक त्याला 'म्हातारा उमराव' म्हणतात, लोकशाहीला नाकं मुरडत का होईना पण कबूल करतो की जहाजं गरीब चालवतात आणि शहराची ताकद जहाजांत आहे, तेव्हा सत्तेत वाटा गरिबांना मिळणारच. तसंच झालंही होतं. इ.स.पू. 462 च्या सुमाराला जुन्या उमरावांच्या सभेचे बहुतेक अधिकार काढून घेतले गेले. काढून घेणाऱ्याचं नाव एफिआल्टीज, हा वेगळा, फितूर नव्हे! एका एफिआल्टीजचं नाव सगळ्यांना माहीत, दुसऱ्याचं कुणालाच नाही, यातच सगळं आलं.

एक माणूस मात्र अपवाद. नाटककार ईस्किलस मॅरेथॉनला लढला होता, त्याचा भाऊ तिथे मेला, आणि इ.स.पू. 472 मध्ये त्याने 'पर्शियन्स' हे नाटक रंगभूमीवर आणलं. विषय सलामिस. पण रंगमंचावर आहेत पराभूत पर्शियन, राजाची आई, म्हातारे मंत्री, पोरं गेल्याचा आक्रोश. नाटकात एकाही ग्रीक सेनापतीचं नाव नाही, थेमिस्टोक्लीजचंही नाही. आठ वर्षांपूर्वी त्या बाकांवर बसलेले हजारो लोक ते बघत होते. अथेन्सने त्या वर्षी पहिलं बक्षीस या नाटकाला दिलं. विजयाच्या आठव्या वर्षी शत्रूच्या दुःखाचं नाटक बघायला बसणारं शहर मला तरी दुसरं आठवत नाही.

थेमिस्टोक्लीजला त्याच शहराने त्याच सुमाराला खापरांच्या मतदानाने हाकललं. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उताराजवळच्या एका विहिरीत त्याचं नाव खरवडलेली सुमारे 190 खापरं सापडली आहेत, आणि ती सगळी मोजक्या हातांनी लिहिलेली. म्हणजे कुणीतरी बसून घाऊक खापरं तयार केली होती, मतदारांना वाटायला. आयटी सेल जुनाच आहे. हाकललेला थेमिस्टोक्लीज शेवटी गेला कुठे, तर झर्क्सिसच्या मुलाकडे, पर्शियाच्या दरबारात. त्याने याला मॅग्नेशिया शहराचा कारभार दिला.

कुणी ग्रीसला जाणार असाल तर एक सांगतो. थर्मोपिलीला हायवेच्या कडेला पुतळा आहे, समुद्र केव्हाच लांब सरकलाय, आता तिथे खिंड अशी दिसतच नाही. त्यापेक्षा अथेन्सजवळ फालिरोला जा. तिथे 'ऑलिम्पियास' उभं आहे, अभ्यासकांनी जुन्या ट्रायरीमबरहुकूम आराखडा केलेलं, 1987 मध्ये पाण्यात उतरवलेलं जहाज. 170 जणांनी खरोखर वल्ही मारून ते चालवून बघितलंय. पुतळ्यासारखी सेल्फी मिळणार नाही कदाचित. पण सगळ्यात खालच्या बाकांची जागा आधी बघा, आणि तिथे ढुंगण टेकवून चार तास वल्हं ओढायचं म्हणजे काय, याचा हिशेब स्वतःच करा.