राजवाड्याला आधी काचपट्टी लावा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कित्येक महिने एकच वाद चालू आहे: इंदूरची मेट्रो होळकरांच्या जुन्या राजवाड्याजवळून भुयारातून न्यावी की नाही. 31 मे 2025 ला पहिला सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. पण पुढचा मार्ग जुन्या गावाखालून जाणार म्हटल्यावर निम्मे नातेवाईक म्हणू लागले, "गाव वाढणारच, किती दिवस कोंडीत अडकायचं?" उरलेले म्हणतात, "राजवाड्याला धक्का लागला तर?" मी हे सगळं नॉर्वेतल्या बर्गनमध्ये बसून वाचते. मेट्रो हवी, असं माझं मत आहे. माझी आई गुडघे धरत रिक्षातून उतरते, ते मी विसरलेले नाही. पण "धक्का लागला तर?" या प्रश्नाला कोणी आकड्यात उत्तर देत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

इथे बंदरावर ब्रिग्गेन नावाची लाकडी घरांची रांग आहे. एके काळी जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. 1702 च्या आगीत जवळजवळ सगळी जळली, लोकांनी त्याच जुन्या आखणीवर पुन्हा बांधली. 1955 मध्ये पुन्हा मोठा भाग गेला. 1979 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. मला पहिल्यांदा तिथे आपला राजवाडाच आठवला. तोही खाली तीन मजले दगडाचा, वर चार मजले लाकडाचा. 1747 च्या सुमारास मल्हारराव होळकरांनी काम सुरू केलं, 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेने जाळला, 1908 मध्ये पुन्हा आग, आणि 1984 च्या दंगलीत मागचा सगळा भाग खाक. आपण आज ज्याच्यासमोर फोटो काढतो तो दर्शनी भाग तेवढा वाचला. काका तेव्हा कॉलेजात होते. "धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता," एवढंच सांगतात, पुढे बोलत नाहीत.

तर आग हा दोन्ही ठिकाणचा जुना वैरी. पण ब्रिग्गेनला खरा घोर लावला तो पाण्याने, आणि तोही पाणी कमी झाल्याने. 1955 च्या जळीत जागेवर पुढे एक हॉटेल उभं राहिलं. त्याचं तळघर कोरडं राहावं म्हणून जी व्यवस्था केली, तिच्यातून शेजारच्या घरांखालचं भूजल निचरून जाऊ लागलं. तिथली जमीन म्हणजे शतकानुशतकांचा लाकूड-कचऱ्याचा जाड थर. ओला आहे तोवर टिकतो. हवा लागली की कुजतो, आक्रसतो, आणि वरचं घर खाली बसतं. काही ठिकाणी वर्षाला 8 मिलिमीटरपर्यंत. ऐकायला काहीच नाही. दहा वर्षांत मात्र दाराची चौकट वाकडी होते आणि जिन्याची पायरी भिंतीपासून सुटते.

हे कळलं कसं? मोजून. भिंतींना खुणा ठोकल्या, त्यांची उंची ठरावीक काळाने तपासली, जमिनीत नळ्या घालून पाण्याची पातळी नोंदवली. मग पावसाचं पाणी गटारात न सोडता चर आणि बागेचे वाफे करून तिथल्याच जमिनीत मुरवलं. भूजल वर आलं, घरं खचण्याचा वेग खूप कमी झाला. पावसात छत्री घेऊन त्या अरुंद बोळातून जाताना मी पायाखालची, त्या नळ्यांवरची झाकणं पाहते. मुंबईच्या गटाराच्या झाकणाहूनही साधी. पण एवढ्याशा झाकणाखाली त्या घरांचं आयुष्य मोजलं जातंय.

आता इंदूर. मालव्याची काळी माती सगळ्यांनाच ठाऊक आहे: पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भुयार खणताना पाणी उपसावं लागतं, कंपनं होतात. म्हणून माझं म्हणणं इतकंच की खोदकामाच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही धरून, राजवाड्याच्या, गोपाळ मंदिराच्या आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या स्मारकांच्या, भिंतींवर खुणा लावाव्यात. भूजलाची पातळी नोंदवावी आणि आकडे महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना दिसतील असे लावावेत. किती मिलिमीटर हलल्यावर मशीन थांबवायचं, तेही आधीच लिहून ठेवावं. काम सुरू झाल्यावर घेतलेली पहिली नोंद काही कामाची नाही, कारण भेग आधीची की नंतरची यावरच मग दहा वर्षं कोर्टात जातात.

"नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे," असं चुलतभाऊ म्हणाला. पैसा आहे, खरं आहे. पण मी सांगते ती कामं महाग नाहीत. त्यांना चिकाटी लागते, आणि ती इंदूरकडे आहे. ओला-सुका कचरा घरोघरी वेगळा करायची सवय ज्या गावाने लावली, 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढला, त्या गावाला महिन्यातून एकदा भिंत मोजणं जड आहे, हे मी मानणार नाही.

काकांनी मात्र वाट पाहिली नाही. आमच्या जुन्या वाड्यात जिन्याजवळ एक भेग आहे. जुने गवंडी करायचे तसं त्यांनी भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. दर महिन्याला ते फोटो पाठवतात, पट्टीला फूटपट्टी टेकवून. परवाचा फोटो आला तेव्हा इथे रात्र होती, खिडकीवर पाऊस वाजत होता. मी फोटो मोठा करून काचेच्या दोन्ही कडा पाहिल्या. अजून अखंड आहे.