‘पैसे भरल्याशिवाय गूगल वर आणत नाही’: फिरत्या फॉरवर्डचा पंचनामा

गोव्यातल्या व्यापाऱ्यांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हापशाहून आला, फोंड्याहून आला, काणकोणहूनही आला. मथळा असा: ‘गूगलवर धंदा दिसत नाही? हे सात उपाय करा, सात दिवसांत पहिला नंबर!’ उपाय थोडक्यात हे: गूगलला जाहिरातीचे पैसे भरा, दुकानाच्या नावातच गाव आणि धंदा घाला, साइटच्या कीवर्डच्या रकान्यात शंभरभर शब्द भरा, फाइव्ह स्टार रिव्ह्यू विकत घ्या, वेळ ‘२४ तास उघडं’ अशी टाका, साइटवर मराठी नको, इंग्रजीच ठेवा, आणि एवढं जमत नसेल तर साइट बंद करा, इन्स्टाग्राम पुरे. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘काम करून मिळेल’.

यातला प्रत्येक उपाय तपासू. पण आधी एक. ‘दिसत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असतात. साइटचं पान गूगलच्या यादीतच नसतं; किंवा यादीत असतं पण मागे पडलेलं असतं; किंवा साइट ठीक असते आणि मॅपवरच्या लिस्टिंगमध्ये, म्हणजे दुकानाच्या नोंदीत, घोळ असतो. यातलं कुठलं, हे न विचारताच फॉरवर्ड औषध लिहून देतो.

‘पैसे भरल्याशिवाय नंबर येत नाही.’ साफ चूक. जाहिरातीवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं आणि पैसे थांबले की ती जाते. खालचे निकाल आणि मॅपवरची क्रमवारी विकत मिळत नाही, हे गूगलच्याच मदतपानांवर लिहिलंय. मॅपसाठी ते तीन गोष्टी सांगतात: शोधलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि ठिकाणाची ख्याती. अंतराचा मुद्दा आपल्याकडे फार लोक विसरतात. फोंड्याचा दुकानदार स्वतःच्या गल्ल्यावर बसून शोधतो, स्वतःला पहिला बघतो आणि खूश होतो. मग मडगावचा मेव्हणा फोन करून सांगतो, ‘तुझं दुकान कुठंच नाही रे.’ दोघांचंही खरं असतं. मडगावात बसलेल्या माणसाला फोंड्याचं दुकान आधी दाखवायला गूगलला काही कारण नाही, आणि जाहिरातीचे पैसे भरून हे अंतर कमी होत नाही.

पैसे भरण्याआधी फुकटात करायची तपासणी म्हणजे सर्च कन्सोल, साइटच्या मालकांसाठी गूगलनेच दिलेलं साधन. तिथे वरच्या पट्टीत आपल्या पानाचा पत्ता टाकला की पान गूगलच्या यादीत आहे की नाही, आणि नसेल तर का, ते कळतं. नव्या साइटच्या बाबतीत हमखास सापडणारं कारण अगदी क्षुल्लक असतं. वर्डप्रेसमध्ये (बऱ्याच साइट ज्यावर बनतात ते सॉफ्टवेअर) वाचनाच्या सेटिंगखाली एक चौकट आहे, सर्च इंजिनांनी ही साइट यादीत घेऊ नये असं सांगणारी. साइट बनवणारा काम चालू असताना तिथे टिक करतो (बरोबरच करतो) आणि काम संपल्यावर काढायला विसरतो. मालक बिचारा ‘एसईओ’च्या (शोधात साइट वर आणण्याच्या कामाच्या) नावाने महिना पैसे भरत राहतो आणि साइट स्वतःच गूगलला ‘येऊ नको’ म्हणत असते. टिक काढायची, पान पुन्हा तपासायची विनंती पाठवायची, झालं. मात्र रोबोट्स फाइलमध्येही (सर्च इंजिनांनी कुठली पानं उघडू नयेत हे सांगणारी साइटवरची फाइल) तेच पान अडवलेलं असेल तर तो अडसरही काढावा लागतो. नाहीतर गूगल पान उघडूच शकत नाही आणि आत केलेला बदल त्याला कळत नाही.

कधी सर्च कन्सोल म्हणतो की पान क्रॉल केलं, पण सध्या यादीत घेतलेलं नाही. म्हणजे बघितलं आणि बाजूला ठेवलं. टॅक्सीवाल्यांच्या साइटवर हे नेहमीचं. ‘पेडण्यात टॅक्सी’, ‘डिचोलीत टॅक्सी’, ‘केप्यात टॅक्सी’ अशी पन्नास पानं आणि आतला मजकूर शब्दन् शब्द तोच, फक्त गाव बदललेलं. अशी पानं गूगलच्या स्पॅम नियमांत बसतात. त्यापेक्षा एकच पान धड लिहा: गाडी कुठली, मोपा आणि दाबोळी विमानतळांवरून भाडं किती, रात्री मिळते का. माणूस हेच विचारायला आलेला असतो.

‘दुकानाच्या नावात गाव आणि धंदा घाला.’ हा उपाय पसरतो, कारण तो कधीकधी चालतो. नावात ‘बेस्ट होमस्टे कलंगुट बीचजवळ’ ठोकलं की लिस्टिंग काही दिवस वर सरकल्यासारखी दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गूगलचा नियम स्पष्ट आहे: पाटीवर जे नाव, तेच लिस्टिंगमध्ये. शेजारचा स्पर्धक ‘बदल सुचवा’ दाबून हे दाखवून देऊ शकतो. मग लिस्टिंग निलंबित झाली तर वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यूही तिच्याबरोबर दिसेनासे होतात. ती परत मिळवायला परवाना, वीजबिल, पाटीचा फोटो असे पुरावे द्यावे लागतात. बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, तोही न तोडता सलग: रस्ता, पाटी, मग स्वतः कुलूप काढून आत जाणं. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही.

गावांतल्या लिस्टिंगचं खरं दुखणं नावात नसतंच, पिनमध्ये असतं. आपले पत्ते कसे? घर क्रमांक, अमुक वाडा, अमुक गाव आणि ४०३ ने सुरू होणारा पिनकोड. गूगलला वाडा सापडत नाही, म्हणून तो पिन गावाच्या मधोमध कुठेतरी टोचून देतो. पाहुणा देवळापाशी किंवा चर्चपाशी उभा राहून फोन करतो, ‘आम्ही पोचलो, तुम्ही कुठे?’ बिझनेस प्रोफाइलमध्ये (मालकाने लिस्टिंग सांभाळायची गूगलची जागा) जाऊन पिन बोटाने ओढून आपल्या गेटवर आणायचा, एवढंच काम. आणि प्लंबर, एसी दुरुस्तीवाला, केटरर, म्हणजे ज्याच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, तोच गिऱ्हाइकाकडे जातो, त्याने घरचा पत्ता लपवून सेवेचा परिसर भरावा. घरच्या पत्त्यावर खोटं दुकान दाखवू नये.

‘कीवर्डच्या रकान्यात शब्द भरा.’ क्रमवारीसाठी पानाच्या कोडमधला हा रकाना आपण बघत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता नोकरीला लागली. तो वेळ पानाच्या शीर्षकाला द्या. कित्येक साइटचं शीर्षक अजून नुसतं ‘होम’ असतं.

‘रिव्ह्यू विकत घ्या.’ विकतचे तर नकोतच, पण ‘पाच स्टार द्या, बिलात दहा टक्के सूट’ हेसुद्धा गूगलच्या नियमांत बसत नाही. पकडलं गेलं तर काही काळ नवे रिव्ह्यू बंद होतात, जुने लपवले जातात आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना प्रोफाइलवर गिऱ्हाइकाला दिसते. ही सूचना कितीही स्टारपेक्षा महाग पडते. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं. शिवाय विकतचे रिव्ह्यू वाचले की लगेच कळतात. सगळे ‘ऑसम प्लेस’, आणि हुमण खाल्लं की शाकुती, याचा एकातही पत्ता नाही. गल्ल्यावर रिव्ह्यूचा क्यूआर लावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा, फक्त खूश दिसणाऱ्यालाच नव्हे. निवडून मागणंही नियमाबाहेर आहे.

‘वेळ २४ तास टाका.’ सगळ्या यादीत हा उपाय मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात थोडं सत्य आहे. शोधाच्या वेळी दुकान उघडं आहे का, याला मॅपच्या क्रमवारीत वजन आहे आणि ते अलीकडे वाढवलंय, हे गूगलचे डॅनी सलिव्हन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलं. त्यासाठी वेळा खोट्या टाकू नका, असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अर्धंच वाचलं.

आता आपल्याकडचं बघा. दुपारी एक वाजला की शटर खाली आणि साडेतीन-चारशिवाय वर नाही. लिस्टिंगवर मात्र ‘सकाळी ९ ते रात्री ८’. पर्यटक भर उन्हात अडीच वाजता येतो, कुलूप बघतो आणि तिथेच उभा राहून एक स्टार देतो. प्रोफाइलमध्ये एकाच दिवसाला दोन वेळा भरता येतात: ९ ते १ आणि ४ ते ८. फार थोडे लोक भरतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत अर्धं गोवं गावच्या घरी असतं. त्यासाठी ‘विशेष वेळा’ आहेत. पावसाळ्यासाठी किनाऱ्यावरचा शॅक उतरवला की ‘तात्पुरतं बंद’ करायचं. चुकून ‘कायमचं बंद’ दाबू नका. ऑक्टोबरात पुन्हा उभं राहिल्यावर तुम्ही आहात हे गूगलला नव्याने पटवत बसावं लागेल. नवा सीझन सुरू झाला की ‘तात्पुरतं बंद’ काढायला विसरणं, हे त्याच्याच जोडीचं दुखणं.

‘मराठी नको, गूगलला इंग्रजीच कळतं.’ गूगलला युनिकोड देवनागरी व्यवस्थित वाचता येते. मग हा समज आला कुठून? बहुधा डीटीपीवाल्याकडून. जुन्या फॉन्टमधलं माहितीपत्रक उचलून साइटवर टाकलेलं असतं. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि गूगल ती खिचडीच वाचतो. तपासायची रीत सोपी आहे. साइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर ठीक, अगम्य काही उमटलं तर दोष फॉन्टचा. आणि ओळ कॉपीच होत नसेल, तर तुमचा अख्खा मेनू किंवा दरपत्रक एक फोटो आहे. तो मजकूर म्हणून टाइप करून घ्या.

मराठीत शोधतं कोण, असं विचारणाऱ्याने मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या बाजूला एक फेरी मारावी. कुलदैवताला येणारी कुटुंबं महाराष्ट्रातून येतात. राहायची सोय, शाकाहारी जेवण, अभिषेकाची वेळ हे ती मराठीतच शोधतात. तिथल्या खानावळीने आणि लॉजने इंग्रजीपुरतंच थांबणं म्हणजे दारातलं गिऱ्हाईक परत पाठवणं. दोन्ही भाषा ठेवायच्या तर दोन स्वतंत्र पत्त्यांची पानं करा, एचरेफलँगने (कुठलं पान कुठल्या भाषेत हे गूगलला सांगणारी कोडमधली खूण) एकमेकांना जोडा, आणि एकाच पानात अर्धं हे अर्धं ते करू नका.

‘साइट कशाला, इन्स्टाग्राम पुरे.’ जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक व्यावसायिक खात्यांवरच्या पोस्ट गूगलमध्ये दिसू शकतात, हे खरं. पण दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहिलं की काय होतं, हे पाहायचं तर लांब जायला नको. बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनणाऱ्या साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता पाटीवर आणि कार्डावर छापला होता, त्यांच्या पाट्यांवर अजून मेलेला पत्ता आहे. एआयच्या उत्तरांचंही तसंच: त्यात झळकायला वेगळी जादू लागत नाही, पान गूगलच्या यादीत असावं लागतं, असं गूगलच सांगतं.

राहिली सात दिवसांची हमी. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि बदलांचा परिणाम दिसायला बहुधा चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलचं स्वतःचं म्हणणं आहे. तरी त्या मोबाइल नंबरला फोन करायचाच असेल, तर पैशांचं बोलण्याआधी एवढं विचारून घ्या: प्रोफाइलचा मालक म्हणून कोणाचा ईमेल राहणार? डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर? सर्च कन्सोल मला बघता येईल का? यातल्या एकालाही ‘ते आमच्याकडेच असतं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. आणि जुन्या एजन्सीकडे प्रोफाइल आधीच अडकलं असेल, तर त्याच लिस्टिंगवरून मालकीची विनंती पाठवता येते. समोरच्याला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर बहुतेक वेळा पडताळणी करून ताबा घ्यायचा पर्याय तुम्हाला मिळतो.