‘पंधरा मिनिटांच्या कामाला चार दिवस’ या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपला अभिप्राय वाचला. रायफल नेण्यासाठी आपल्याला रत्नागिरीची दुसरी खेप पडली, याबद्दल दिलगीर आहे. मात्र ‘साफसफाई आणि तेल लावणे एवढ्या पंधरा मिनिटांच्या कामाला चार दिवस लावले, आणि रायफल परत दिली तीही कोरडी’ असे आपण लिहिले आहे, त्याला उत्तर देणे मला भाग आहे. कारण ते वाचून येणारे गिऱ्हाईक परत फिरेल, आणि या दुकानावर माझ्यासह कारागिरांचीही घरे चालतात.

निगा राखलेल्या रायफलीला फार वेळ लागत नाही, हे खरेच आहे. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून रॉड चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या, बाजूने घालावा, ब्रश फिरवावा, सॉल्व्हंटचे (मळ विरघळवणाऱ्या द्रावणाचे) कापड, मग कोरडे कापड आणि शेवटी तेलाचा हलका हात, इतकेच काम असते. आपली ३१५ बोअरची रायफल त्या अवस्थेत नव्हती. बोल्ट खोलला तेव्हा फायरिंग पिनच्या (काडतुसावर आघात करणाऱ्या सुईच्या) स्प्रिंगवर पिवळट, चिकट थर होता आणि त्याला खोबरेलाचा वास येत होता. विचारल्यावर ‘घाण्याचे शुद्ध तेल आहे’ असे आपणच सांगितलेत. ते शुद्ध असेलही, पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजते, आणि त्यात पिन अडखळली की चाप ओढूनही काडतूस उडत नाही, किंवा क्षणभर उशिरा उडते. तेवढ्यात कोणी बोल्ट उघडला तर काय होईल, हे मी येथे लिहीत नाही. म्हणून बोल्टचा प्रत्येक भाग सुटा करून धुवावा लागला.

नळीचेही तसेच. आधी काजळीने काळी झालेली कापडे आली, नंतर निळसर-हिरवी येऊ लागली. तो गोळ्यांच्या तांब्याचा थर. अमोनियाचे सॉल्व्हंट लावायचे, थांबायचे, पुसायचे, आणि कापड पांढरे निघेपर्यंत हेच पुन्हा करायचे, याला दुसरा मार्ग नाही. पोलादी ब्रशने घाई केली असती तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे खरवडले गेले असते, आणि ते भरून येत नाहीत. शिवाय त्या चार दिवसांत एक रविवार होता, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही.

‘कोरडी’ या शब्दाचे मला अधिक वाईट वाटले. बाहेरच्या धातूवर तेलाचा पातळ थर होता, बोट फिरवले असते तर जाणवला असता. जास्तीचे तेल धूळ धरते आणि दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ करते. चेंबरमध्ये तेल राहिले तर काडतुसाची पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो, म्हणून चेंबर मुद्दाम कोरडे पुसले होते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत रायफल कॅनव्हासच्या कव्हरात बंद ठेवू नका, हेही आपल्याला तेव्हाच सांगितले होते. ते कापड ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

यापुढे कामाला लागणारा वेळ आधी कळवण्याची व्यवस्था करत आहोत. पावसाळ्यात रायफल महिन्यातून एकदा तरी उघडून पुसावी. जमत नसेल तर परवान्यासह घेऊन यावे, तेल आमच्याकडचे लावून देऊ. आणि खोबरेलाची गोष्ट आपण आपल्या अभिप्रायात जोडलीत, तर माझ्या कारागिरांना न्याय मिळेल.

आपला,
दुकानमालक