पेन्सिल्व्हेनियात आहात ना?

कंबरेचा इतिहास थोडक्यात आटोपते, कारण पन्नाशीच्या आसपासच्या प्रत्येकाकडे स्वतःचा असतो आणि दुसऱ्याचा कुणालाच ऐकायचा नसतो. मणक्यातली गादी सरकली, डाव्या पायात कळा, गॅबापेंटिन झालं, फिजिओ झाली, तीन इंजेक्शनं झाली, सासूबाईंचं महानारायण तेल झालं. शेवटी फिजिओवालीच म्हणाली की अगं मेडिकल मारिजुआनाचं कार्ड काढ, आपल्या पेन्सिल्व्हेनियात २०१६ पासून कायदा आहे, असलं जुनाट दुखणं त्यांच्या यादीत बसतं, डॉक्टर व्हिडिओवर बघतो, घरबसल्या पाच मिनिटांचं काम.

घरबसल्या! घरात सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या सासूबाई बसल्यात, त्यांच्या देखत मी गांजाची चौकशी करू? दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्या वडिलांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, आमच्या घराण्यात ही म्हणजे भांगेत तुळस. आता तुळसच निघाली भांग शोधायला.

तुम्ही म्हणाल इतकी वर्षं काय केलंस. तर इतकी वर्षं ग्रीन कार्ड होतं. राज्य म्हणतं औषध आहे, पण केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला बसवलं आणि इमिग्रेशनवाले केंद्राचे, त्यांनी २०१९ मध्ये स्पष्टच लिहून टाकलं की राज्यात चालत असलं तरी सिटिझनशिपच्या वेळी तुमचं चारित्र्य बघताना आम्ही हे धरणार. म्हणून कंबरेला सांगितलं, बाई गं, शपथविधी होईपर्यंत दम काढ. गेल्या वर्षी झेंडा हातात घेऊन शपथ घेतली तेव्हा सगळे म्हणाले किती भावुक झालीस, डोळ्यांत पाणी आलं, अहो मी दीड तास उभी होते.

तर अपॉइंटमेंट मिळाली गुरुवारी दुपारी साडेबाराची. फी १४९ डॉलर, आधी भरायची, इन्शुरन्स हात लावत नाही. ह्या पैशात डॉक्टर प्रिस्क्रिप्शन देत नाही हं, केंद्राच्या भीतीने ते लिहिताच येत नाही, तो फक्त सर्टिफाय करतो की हो, हिला दुखतंय. मग राज्याला कार्डाचे ५० डॉलर वेगळे. बरं, कॉलच्या वेळी तुम्ही शरीराने पेन्सिल्व्हेनियात पाहिजे, आणि माझं ऑफिस विल्मिंग्टनला, म्हणजे डेलावेअरमध्ये. म्हणून लंच टाइममध्ये २०२ नंबरच्या रस्त्याने गाडी हाणत राज्याची सीमा ओलांडली आणि पलीकडे पहिलं जे इंडियन ग्रोसरीचं दुकान लागलं त्याच्या पार्किंगमध्ये थांबले. लोक पेन्सिल्व्हेनियातून डेलावेअरला सेल्स टॅक्स वाचवायला जातात, मी उलटी निघाले दुखण्याची पावती घ्यायला.

लिंक उघडली. 'डॉक्टर लवकरच येतील.' एक वाजला. बाहेर बर्फाळ पाऊस. कार सीटवर अर्धा तास बसणं म्हणजे काय हे सायटिकावाल्यांना सांगायला नको. सव्वा वाजला आणि खिडकीवर टकटक.

काका.

काकांचं नाव नको, आमच्या मंडळात काका म्हटलं की एकच. वय चौऱ्याहत्तर, मुंबईत एक्साइजमधून रिटायर झाले, मग मुलाने इकडे आणलं. दर गुरुवारी दुकानात ताजी भाजी येते आणि काका भाजीच्या आधी येतात. मी हाताने खूण केली की फोन चालू आहे, काकांना ती खूण 'या, बसा' अशी दिसली. दार उघडून शेजारच्या सीटवर बसले सुद्धा, मांडीवर मेथी-कोथिंबिरीच्या पिशव्या, चष्मा वाफेने पांढरा.

"चालू दे तुझं. तुझी काकू अजून तूरडाळीची एक्स्पायरी वाचतेय."

वडीलधाऱ्या माणसाला पावसात गाडीतून उतरा कसं म्हणायचं हे मला पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून जमलेलं नाही. तरी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, आणि तेवढ्यात स्क्रीनवर डॉक्टर आला. पोरगेलासा, मागे खोटी पुस्तकांची भिंत.

"तुम्ही आत्ता पेन्सिल्व्हेनियात आहात ना?"

मी हो म्हणायच्या आत काका फोनवर वाकले. "येस येस. ग्लेन मिल्स, पेन्सिल्व्हेनिया. वन नाइन थ्री फोर टू."

डॉक्टर म्हणाला, तुमच्यासोबत कुणी आहे वाटतं, त्यांच्यासमोर बोलायला तुमची संमती आहे का? काका म्हणाले, "आय ॲम लाइक हर फादर." आणि मी मान हलवली. ही माझी संमती.

मग त्याला मी राज्याच्या पेशंटांच्या रजिस्ट्रीत सापडेना. लायसन्सवर जसं नाव आहे तसंच्या तसं भरायचं असतं. आता आपली नावं म्हणजे मधे नवऱ्याचं नाव, आणि लायसन्सवर ते मिडल नेम म्हणून बसलेलं, मी भरताना ते गाळलं कारण इथे मला त्या नावाने कुणी हाक मारली की मी मागे वळून नवऱ्याला शोधते. डॉक्टर खाली बघून टाइप करतोय, सापडत नाही, टाइप करतोय, सापडत नाही. काकांना राहवेना. "ट्राय हर माहेर नेम!"

माहेर म्हणजे काय हे त्याला समजावण्यात एक मिनिट गेलं. शेवटी जन्मतारखेवर सापडले.

"कुटुंबात कुणाला स्किझोफ्रेनिया, सायकोसिस?"

"व्हेरी गुड फॅमिली, डॉक्टर. सातारा डिस्ट्रिक्ट." आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, पण डॉक्टरलाही वाटावं काहीतरी गंभीर आहे अशा आवाजात, "तुझ्या त्या चुलत सासऱ्यांचं काय गं झालं होतं?" मी म्हटलं, काका, ते सासरचे, रक्ताचे नाहीत. "हां हां. नो ब्लड, डॉक्टर!" डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल हे मला आयुष्यात कधी कळणार नाही.

आत्तापर्यंत काकांना वाटत होतं हा साधा हाडांचा डॉक्टर. मग त्याने तो शब्द उच्चारला. काका सरळ होऊन बसले. मला वाटलं झालं, आता हे मंडळाच्या पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर. पण नाही, काकांच्या तोंडावर तेज आलं हो, अख्ख्या अमेरिकेत सोळा वर्षांत त्यांना त्यांच्या विषयाचं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं.

"डॉक्टर, वन क्वेश्चन. लीफ ऑर फ्लॉवर?"

डॉक्टर म्हणाला, सॉरी?

मग काकांनी त्याला आपल्याकडचा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा सांगितला. की आमच्याकडे गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, तो गुन्हा, चरस गुन्हा, पण नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येतच नाहीत, म्हणून भांग वेगळी, ती राज्याच्या एक्साइजखाली, म्हणजे माझ्याखाली, म्हणाले. डॉक्टर चक्क ऐकत होता. तो म्हणाला इथे २०१८ पासून ड्राय लीफ मिळतं पण ओढायचं नाही, कायद्याने फक्त व्हेपोराइज करायचं. काका माझ्याकडे वळले, "ऐकलंस? जाळायचं नाही, उकडीच्या मोदकासारखं वाफेवर."

पुढे, जे मी विसरणार नाही ते असं की काका म्हणाले, "माय नी, डॉक्टर," आणि डॉक्टरने विचारलं, कुठला, डावा की उजवा? जिना चढताना की उतरताना? रात्री झोप लागते का? मला एकदाही विचारलं नव्हतं की कुठे दुखतं. मी एमआरआय अपलोड केला होता, दोन रात्री जागून जुने रिपोर्ट स्कॅन केले होते, फाइल उघडलीच नाही त्याने, 'आय ॲम श्युअर इट्स फाइन' म्हणाला. एमआरआय फाइन असता तर मी इथे कशाला आले असते रे बाबा? १४९ डॉलरमध्ये मला सात मिनिटं मिळाली, त्यातलं एक माहेराला, दोन एनडीपीएसला, तीन काकांच्या गुडघ्याला. उरलेल्या एका मिनिटात तो म्हणाला, सर्टिफाय केलंय, हॅव अ गुड वन, आणि स्क्रीन काळी.

"चांगला आहे मुलगा," काका म्हणाले. मग दारावर हात ठेवून थांबले. "पण तू डेलावेअरलाच नोकरीला ना? तिथे २०२५ च्या १ ऑगस्टपासून एकवीसच्या वरच्या कुणालाही मिळतं की, नुसतं लायसन्स दाखवायचं. पंधरा टक्के टॅक्स आहे त्यावर."

मला माहीत आहे काका. घेऊन सीमा ओलांडली की केंद्राचा गुन्हा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून ते खायचं की काय मी, आणि मला औषध हवंय, पार्टी नकोय. हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "हो का?"

"होय तर. आपला जुना विषय आहे तो."

दोन वाजता मीटिंग होती, ती बुडाली. रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला, माझ्याकडे टक लावून म्हणाली, "काय गं, आज भांग वाकडा पडलाय," आणि केसांचा भांग म्हणतेय हे कळायला मला दोन सेकंद लागली, तोवर मी घामाघूम.

आज सकाळी त्या कंपनीचा ईमेल, पाच ताऱ्यांपैकी किती देणार, आणि खाली प्रश्न, तुमच्या प्रायव्हसीची पुरेशी काळजी घेतली गेली का? मी त्याच्याकडे बघत बसले होते तेवढ्यात व्हॉट्सॲप वाजलं. काका. नशीब, ग्रुपवर नाही.

'डॉक्टरची लिंक पाठव. आणि कोथिंबिरीची पिशवी तुझ्या गाडीत राहिली आहे, काकू मलाच बोलते आहे.'